मी पाहिलेला चित्रपट : मराठी निबंध (या वेळी सरांनी लिहिलेला)



२०२४ च्या ऑगस्टमध्ये सातवीच्या वर्गाला 'मी पाहिलेला चित्रपट' हा निबंध दिला. दरवर्षी देतो. फळ्यावरचे मुद्देही दरवर्षीचेच : चित्रपटाचे नाव, दिग्दर्शक, थोडक्यात कथा, आवडलेला प्रसंग, मिळालेला संदेश. मुलं वह्या उघडून बसली आणि मधल्या रांगेतल्या एका मुलीने विचारलं, "सर, तुमचा कोणता?"

मी म्हटलं, "श्यामची आई."

आचार्य अत्र्यांचा १९५३ चा तो चित्रपट मला आवडतो, त्यात खोटं काही नाही. पण तो 'माझा' चित्रपट नाही. शिक्षकाने असं विचारल्यावर जे नाव घ्यायचं असतं ते मी घेतलं. माझा चित्रपट सांगितला असता तर दुसऱ्या दिवशी दोन-तीन पालक शाळेत आले असते. १९९१ पासून मी 'एलियन' या इंग्रजी चित्रपटमालिकेचा वेडा आहे. अंतराळयान, त्यात शिरलेला दात विचकणारा, लाळ गाळणारा प्राणी, छाती फोडून बाहेर येणारं पिल्लू, असा सगळा मामला. तर त्या मुलीला दिलेलं उत्तर दुरुस्त करायला हा निबंध. मुद्दे फळ्यावरचेच घेतो, क्रम मात्र चुकणार आहे.

आधी पालकांना एक सूचना. हे चित्रपट मुलांना दाखवायचे नाहीत. मुलं मोबाईलवर त्यातले तुकडे बघतातच हे मला माहीत आहे, पण तरी नाही. आणि ज्यांना नवा भाग अजून बघायचा आहे त्यांनी पुढचं नंतर वाचावं, कथा फुटणार आहे.

सुरुवात १९९१ च्या गणपतीत झाली. आमचं घर रेवसला, धक्क्यापासून जवळ. बाबा डोलीच्या होडीवर. तेव्हा गणपतीत रात्र जागवायला अलिबागहून टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणायचे, सोबत तीन कॅसेटी. दोन मराठी विनोदी चित्रपटांच्या होत्या. तिसरी दुकानदाराने काय समजून दिली देव जाणे, ती निघाली 'एलियन्स', जेम्स कॅमेरॉनचा १९८६ चा दुसरा भाग. रात्री दोन वाजता ती लागली तेव्हा मोठी माणसं पाच मिनिटांत उठून गेली. उरलो आम्ही सात-आठ पोरं. मी नववीत होतो. माझ्या मांडीला टेकून बसला होता माझा धाकटा भाऊ, अकरा वर्षांचा.

अंड्यातून तो आठ पायांचा प्राणी उडी मारून माणसाच्या तोंडाला चिकटायला बघतो, तेव्हा बाकीची पोरं किंचाळली. धाकटा हसला. म्हणाला, "चिंबोरी!" आणि मग मला समजावून सांगितलं की तिला मागून धरायला पाहिजे, पुढून धरणारा येडा. आमच्या घरात त्या प्राण्याचं नाव आजही चिंबोरी आहे. इंग्रजी चाहते त्याला काय म्हणतात ते मला नंतर कळलं, पण आमचं नाव जास्त बरोबर आहे असं माझं मत आहे.

मूळचा पहिला 'एलियन' मी त्यानंतर चार वर्षांनी केबलवर बघितला. १९७९ चा, रिडली स्कॉटचा. आणि मग कळलं की दुसरा भाग धडाकेबाज असला तरी खरी भीती पहिल्यातच आहे. त्यात सैनिक नाहीत, मोठ्या बंदुका नाहीत. नोस्ट्रोमो नावाचं एक मालवाहू यान, त्यावर सात कामगार, पगार आणि बोनस यावरून कुरकुर करणारे. ते यान पाठीमागे एक प्रचंड शुद्धीकरण कारखाना ओढत चाललेलं आहे. हे बघितल्यावर मी रात्री धक्क्यावर गेलो होतो. समोर खाडीपलीकडे करंजा, त्याच्या मागे उरणच्या ओएनजीसीच्या प्रकल्पाची ज्योत. लहानपणापासून रोज बघितलेली. त्या रात्री पहिल्यांदा वाटलं, अरे, हे तर तेच.

त्या चित्रपटाची घडण मी वर्षानुवर्षं वाचत आलोय. कथा लिहिणारा डॅन ओबॅनन स्वतः आतड्याच्या जुन्या दुखण्याने बेजार होता, पोटातून काहीतरी बाहेर पडायला बघतंय ही त्याची रोजची जाणीव. प्राण्याचं रूप स्वित्झर्लंडच्या एच. आर. गिगर या चित्रकाचं. आणि त्या कातडीच्या आत होता बोलाजी बडेजो, लंडनमध्ये कला शिकणारा, जवळजवळ सात फूट उंचीचा नायजेरियन तरुण. तो अभिनेता नव्हता. एवढ्या सडपातळ, उंच माणसाला ते सोंग घातलं की आत माणूस आहे हेच ध्यानात येत नाही. संगणक नव्हता तेव्हा. नारायण धारप वाचून मोठे झालेल्या माझ्या पिढीला ही गोष्ट पटकन कळते, की भूत जितकं कमी दाखवाल तितकं ते मोठं होतं. अलिबागच्या वाचनालयातून धारपांची पुस्तकं मी दप्तरात लपवून आणायचो. त्यांच्याकडे भीती जुन्या वाड्यात असायची, इथे कंपनीच्या यानात, एवढाच फरक.

पण पहिल्या भागातला माझा सगळ्यात आवडता प्रसंग प्राण्याचा नाही. तो दाराचा आहे. तिघं जण परग्रहावरून परत येतात, एकाच्या तोंडाला चिंबोरी चिकटलेली. यानात रिप्ली आहे, सिगुर्नी वीव्हर. कॅप्टन बाहेरून हुकूम देतो, दार उघड. रिप्ली म्हणते, नाही, विलगीकरणाचा नियम आहे, चोवीस तास. बाहेर सहकारी मरायला टेकलाय आणि ही नियम सांगते! पहिल्यांदा बघताना तिचा राग येतो. आणि मग अॅश नावाचा वैज्ञानिक अधिकारी हळूच दार उघडतो. आपल्याला वाटतं, बरं झालं, कुणाला तरी दया आली. पुढे कळतं की अॅश माणूसच नाही, कंपनीने बसवलेला यंत्रमानव आहे, आणि त्याला गुप्त आदेश आहे : प्राणी जिवंत आणा, बाकी माणसं गेली तरी चालतील. दया दाखवणारा तो राक्षस, आणि दार बंद ठेवणारी ती बरोबर. २०२० मध्ये करोनाच्या पहिल्या लाटेत गावच्या सीमेवर बांबू आडवे टाकले होते तेव्हा मला हा प्रसंग किती वेळा आठवला असेल!

मधल्या भागांबद्दल थोडक्यात. दुसऱ्या भागात बिशप नावाचा चांगला यंत्रमानव येतो, आणि रिप्ली न्यूट नावाच्या लहान मुलीला वाचवते. या भूमिकेसाठी वीव्हरला ऑस्करचं नामांकन मिळालं होतं. १९९२ च्या तिसऱ्या भागात सुरुवातीलाच न्यूट मेलेली दाखवली. जगभरचे चाहते त्यावरून अजून चिडलेले आहेत. आमच्या घरात धाकटा दोन दिवस बोलला नाही. १९९७ चा चौथा भाग बघितला नसता तरी चाललं असतं. २०१२ चा 'प्रोमिथियस' आणि २०१७ चा 'कव्हेनंट' हे पुन्हा रिडली स्कॉटचे, दिसायला सुंदर, पण त्यात माणसं इतकी मूर्खासारखी वागतात की सातवीतली पोरंही वागणार नाहीत. अनोळखी ग्रहावर जाऊन हेल्मेट काढतात! विज्ञान शिकवणाऱ्या माणसाने ते कसं सहन करायचं?

आता धाकट्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर नवा भाग मला का लागला ते कळणार नाही.

तो उशिरा बोलायला लागला. शाळेत तिसरीत तीनदा बसला. पाढे येईनात, वाचताना अक्षरं हलायची. तेव्हा आजच्यासारखा कायदा नव्हता. नापास करायचे, पुन्हा नापास करायचे, आणि मग घरचेच काढून घ्यायचे. एका गुरुजींनी आईला बोलावून सांगितलं, "याचं डोकं चालत नाही, होडीवर घाला." मी तिथेच उभा होतो. त्या गुरुजींचा राग मी अनेक वर्षं धरला. पण खरं सांगायचं तर तेव्हा मलाही सुटल्यासारखंच वाटलं होतं, कारण त्याला रोज शाळेत घेऊन जायचं आणि पोरांच्या चिडवण्यातून बाहेर काढायचं काम माझ्याकडे होतं.

धाकट्याला घड्याळ नीट कळत नाही. पण भरती कधी, ओहोटी कधी, आज उधाण की भांग, हे त्याला विचारावं. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, हा आपल्याकडचा जुना हिशोब. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहा वाजता. मी हा हिशोब वर्गात अपूर्णांक शिकवताना वापरतो. धाकट्याला पाऊणपट येत नाही, पण सहा येतं. कसं येतं ते मला अजून कळलेलं नाही. जवळा, करंदी, मांदेली निवडण्यात त्याच्या हातासारखा हात धक्क्यावर दुसरा नाही.

मी डी.एड.ला मुंबईला गेलो तेव्हा तो म्हणाला, "मी पन येतो." मी म्हटलं, तू इथेच थांब, मी येतो तुला न्यायला. कधी? म्हटलं, आयतवारी. भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच, फार लांबचा प्रवास नव्हता. पण मी पहिल्या रविवारी गेलो नाही, दुसऱ्याही नाही. आईने नंतर सांगितलं की तो दर आयतवारी लाँच लागायच्या वेळी धक्क्यावर उभा राहायचा. ओहोटीला गाळामुळे लाँच लांब थांबायची, तर हा तसाच बघत. दिवाळीपर्यंत उभा राहिला. मग मी आलो, त्याला पुढे कधीच नेलं नाही, आणि त्यानेही विचारलं नाही.

तर आता नवा भाग. नाव 'एलियन : रोम्युलस', दिग्दर्शक उरुग्वेचा फेडे अल्वारेझ. भारतात तो २३ ऑगस्टला लागला. १९ ला नारळी पौर्णिमा झाली होती, होड्या पुन्हा समुद्रात जायला लागल्या होत्या. रविवारी २५ तारखेला आम्ही दोघं निघालो. रेवसहून अलिबाग, तिथून पनवेलची एसटी, वडखळला नेहमीसारखा खोळंबा. बायको म्हणाली, पंचेचाळीशी ओलांडली तरी दोघं भाऊ राक्षस बघायला पनवेलला जातात, गावात सांगू नका. धाकटा अजून चव्वेचाळीसचाच होता, पण मी काही बोललो नाही.

कथा पहिल्या आणि दुसऱ्या भागाच्या मधली. एका खाणीच्या वसाहतीत कधीच सूर्य दिसत नाही. तिथे रेन नावाची तरुण मुलगी, केली स्पेनी ही अभिनेत्री. तिचे आईवडील खाणीच्या रोगाने गेलेत. सुरुवातीला ती कंपनीच्या खिडकीवर जाते, माझे कराराचे तास पूर्ण झाले, आता मला जाऊ द्या म्हणून. खिडकीतली बाई संगणकात बघून सांगते की तासांचा कोटाच दुप्पट केला आहे, अजून पाच-सहा वर्षं, आणि आता खाणीत. आवाज अगदी गोड. चित्रपटगृहात हसणारा मी एकटाच असेन. वेतननिश्चितीच्या फाईलसाठी ज्याने कुठल्या ना कुठल्या कार्यालयाच्या खिडकीवर चपला झिजवल्या आहेत, त्याला हा प्रसंग भयपटातला वाटणारच नाही.

रेन आणि तिचे मित्र ठरवतात की वर तरंगणाऱ्या एका सोडून दिलेल्या स्थानकातून झोपेच्या पेट्या पळवायच्या आणि नऊ वर्षांच्या अंतरावरच्या, सूर्य असलेल्या ग्रहावर निघून जायचं. त्या स्थानकात काय असणार हे आपल्याला माहीतच आहे.

चाहता म्हणून माझे गुण असे. पहिला तास अप्रतिम. बऱ्याच ठिकाणी संगणकाऐवजी खरे बाहुले, खरी यंत्रं वापरली आहेत, आणि ते डोळ्यांना कळतं. चिंबोऱ्यांनी भरलेल्या खोलीतून पोरं श्वास रोखून चालतात तेव्हा धाकट्याने माझं मनगट असं धरलं की रात्री वळ होते. गुरुत्वाकर्षण बंद करून प्राण्यांना गोळ्या घालायच्या, म्हणजे त्यांचं आम्लासारखं रक्त हवेत तरंगत राहतं आणि त्या थेंबांमधून अंग वाचवत जायचं, ही कल्पना मला वर्गात सांगायचा मोह होतो. बटण दाबून गुरुत्वाकर्षण चालू-बंद करण्यात विज्ञान किती, ते विचारू नका.

गुण कापायच्या जागाही आहेत. जुन्या भागांची उजळणी फार. एका ठिकाणी रिप्लीचं गाजलेलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडी घातलंय, तिथे चाहते टाळ्या वाजवतात, मला मात्र पाठांतर स्पर्धेची आठवण झाली. दुसरी गोष्ट जास्त खटकली. पहिल्या भागात अॅश झालेले इयन होम २०२० मध्ये वारले. नव्या भागात त्यांचा चेहरा तंत्राने उभा करून रूक नावाचा यंत्रमानव केला आहे. घरच्यांची संमती घेतली होती, असं दिग्दर्शकाने सांगितलंय. तरी मेलेल्या माणसाचे ओठ हलताना बघून मला जे वाटलं ते प्राण्याला बघून वाटलं नाही. शेवटच्या वीस मिनिटांत एक नवीनच जीव जन्माला येतो, तो काहींना आवडला, मला जरा जास्तच झाला.

आणि आता तो मुद्दा, ज्यासाठी मी लिहायला बसलो.

रेनला एक भाऊ आहे, अँडी. डेव्हिड जॉन्सन या नटाने केलाय. तो खरा भाऊ नाही. तिच्या वडिलांनी भंगारात मिळालेला जुना यंत्रमानव दुरुस्त करून तिच्या सोबतीला दिला. त्याला एकच काम सांगितलंय : रेनच्या भल्याचं असेल ते करायचं. अँडी अडखळत बोलतो, वडिलांनी शिकवलेले पाचकळ विनोद सांगतो, मध्येच बंद पडतो. पोरं त्याला रस्त्यात मारतात. रेनच्या मित्रांमधला एक जण त्याचा द्वेष करतो, कारण खाणीतल्या अपघातात एका यंत्रमानवाने हिशोब करून दार बंद केलं होतं : थोडे आत मेले, जास्त वाचले. आत मेलेल्यांत त्याची आई होती.

धाकट्याला इंग्रजी येत नाही. पण अँडी पडद्यावर आला आणि तो पुढे सरकून बसला.

मग कळतं की ज्या ग्रहावर जायचंय तिथे अँडीला नेता येणार नाही. रेनला हे आधीपासून माहीत होतं. तिने त्याला सांगितलं नव्हतं. अँडी चिडत नाही, ते तुझ्या भल्याचं आहे ना, मग ठीक, अशा अर्थाचं काहीतरी म्हणतो. धाकट्याने कोपर मारून विचारलं, काय म्हणतो? मी कानात सांगितलं, त्याला इथेच सोडून जाणार आहे ती.

तो थोडा वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "मंग ती आयतवारी येल."

मला वाटलं होतं तो विसरला. सत्तावीस वर्षं उलटून गेली होती. पुढची दहा मिनिटं पडद्यावर काय झालं ते मला सांगता येणार नाही.

पुढे मित्र अडकतात, दारं उघडेनात, कारण जुन्या अँडीला ती उघडायचा अधिकारच नाही. म्हणून रूकच्या मानेपाशी असलेली चकती काढून अँडीला बसवली जाते. रेनची त्याला ना नसते, माणसं वाचवायची असतात. आणि अँडी बदलतो. अडखळणं गेलं. पाठ ताठ, नजर स्थिर, प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार. सगळे खूश. फक्त आता तो रेनच्या भल्यासाठी चालत नाही, कंपनीच्या भल्यासाठी चालतो. त्यांच्यातली केय नावाची गरोदर मुलगी दाराबाहेर राहते, मागून प्राणी येत असतो, ती काचेवर हात मारते, आणि अँडी दार उघडत नाही. त्याचा हिशोब बरोबर असतो. उघडलं असतं तर सगळेच गेले असते.

इथे माझ्यातला जुना चाहता गोंधळला. रिप्लीनेही दार उघडलं नव्हतं. रिप्ली बरोबर, तर अँडी चूक कसा? परत येताना एसटीत पेणपर्यंत मी हाच विचार करत होतो. माझं उत्तर असं : रिप्लीला ते जड गेलं होतं. बाहेर कोण आहे हे तिला माहीत होतं आणि तिचा आवाज तसा येत होता. अँडीच्या आवाजात काहीच नव्हतं. पहिल्या चित्रपटाने शिकवलं होतं की नियम पाळणारा माणूस आणि हुकूम पाळणारं यंत्र बाहेरून सारखंच दिसतं. पंचेचाळीस वर्षांनी या चित्रपटाने त्याची दुसरी बाजू दाखवली, की आपल्याच माणसाला 'सुधारून' आपण तसं यंत्र करू शकतो, आणि करताना आपल्याला आनंदही होतो. राक्षस जुनाच आहे, ही चकती मात्र नवी आणि खरी भीतिदायक. माझ्या मते पहिल्या दोन भागांनंतरचा हाच भाग सगळ्यात चांगला, आणि तो त्या चकतीमुळे.

धाकट्याला हे सगळं समजावायची गरज पडली नाही. नवा अँडी पहिल्यांदा चालत आला तेव्हाच, एक शब्दही न कळता, तो म्हणाला होता, "दादा, ह्यो तो नाय."

शेवटी रेन ती चकती काढून टाकते, जुना अडखळणारा अँडी परत येतो, आणि ती त्याला सोबत घेऊन निघते. तो मोडकळलेला असतो, ती त्याला दुरुस्त करीन म्हणते. बाहेर आल्यावर धाकट्याने वडापाव खाता खाता तीनदा विचारलं, करील ना ती बरा? मी म्हटलं, करील. मग म्हणाला, उद्या अष्टमी, भांग आहे.

सोमवारी गोकुळाष्टमीची सुट्टी होती, घरी वह्या तपासायला घेतल्या. सातवीच्याच, त्याच निबंधाच्या.

माझ्या वर्गात एक मुलगा आहे. २०१५ च्या जूनमध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासननिर्णय आला तेव्हापासून आपल्या सगळ्यांच्या तोंडात प्रगत आणि अप्रगत हे दोन शब्द बसले आहेत. कार्यक्रमाचा हेतू चांगला होता, मी त्याच्या विरोधात नाही. पण यादीत हा मुलगा कुठल्या रकान्यात ते सांगायला नको. मागच्या वेळी त्याने निबंध चार ओळींत संपवला होता. मी त्या लाल पेनाने खोडल्या, खाली 'विषय सोडून लिहिले' असा शेरा दिला, आणि त्याला नमुना निबंध पाठ करून पुन्हा लिहायला सांगितला. त्याने लिहिला. वीस ओळी, शुद्ध, सुवाच्य, दिग्दर्शकाच्या नावासकट, शेवटी संदेश. मी दहापैकी आठ दिले होते, वर्गात वही उंच धरून दाखवली होती, आणि त्याच्या आईला फोन करून सांगितलंही होतं, बघा, किती सुधारला.

त्या सोमवारी मी पान मागे उलटलं आणि खोडलेल्या चार ओळी पहिल्यांदा नीट वाचल्या. शुद्धलेखन सोडून देऊ. त्याने लिहिलं होतं की त्याचा आवडता पिक्चर आजी सांगते. खाडीत गिऱ्हा असतो. तो रात्री जाळं खालून ओढतो. मग मी झोपत नाही.

एवढंच. त्याच्या घरी टीव्ही बंद होता, मोबाईल आईकडे. त्याने खरोखर 'पाहिलेला' चित्रपट होता तो.

सुट्टी संपल्यावर मधल्या वेळेत त्याला बोलावलं. म्हटलं, या चार ओळी पुन्हा लिही, पुढे काय होतं तेही लिही. तो माझ्याकडे बघतच राहिला. मग विचारलं, "सर, परीक्षेत हे लिवलं तर मार्क कापनार ना?"

मित्रांनो, मी काय सांगणार होतो? परीक्षेत वीस ओळींना मार्क आहेत. फळ्यावरचे मुद्दे मीच लिहून देतो, पुढच्या वर्षीही देईन. नमुना निबंध पाठ केला नाही तर तो मुलगा नापासांत जाईल आणि यादीत माझंही नाव खाली जाईल. म्हणून खरं तेच सांगितलं, परीक्षेत ते वीस ओळींचं लिही, पण या वहीत हे लिही, याला मी मार्क देणार नाही, फक्त वाचणार.

त्याला हे पटलं की नाही कळलं नाही. वही घेऊन गेला. आठवडाभराने आणून दिली. सहा ओळी झाल्या होत्या. पाचवीत गिऱ्हा होडीवर चढतो, सहावीत तो आजोबांच्या आवाजात बोलतो. अंगावर काटा आला हो! माणसाच्या आवाजात बोलणारा, पण तो नसलेला. ह्यो तो नाय.

मी विचारलं, "मग? पुढे काय होतं?"

म्हणाला, "आजी तिथंच झोपली. आज विचारतो."